चढावर क्लचचा वास आला, तर प्लेटांआधी स्पॉकेटचे दात मोजा

प्रश्न थोडक्यात असा आहे. हिरोची एक्सपल्स २०० फोर-व्ही ही मोटरसायकल, चौदा हजार किलोमीटर झालेली. भोरच्या मागच्या डोंगरात दगडगोट्यांच्या चढावर क्लच जळाल्याचा वास आला, लेव्हर ढिली पडली, न्यूट्रल लागेना. अर्धा तास थांबल्यावर सगळं पूर्ववत. गॅरेजवाल्याचं म्हणणं, प्लेटा बदला आणि सोबत कडक स्प्रिंगा टाका. सप्टेंबरात हिमाचलातल्या स्पितीला जायचंय. तर प्लेटा बदलाव्यात का, पुढचं स्पॉकेट (चेन ज्यावर फिरते ते दातेरी चाक) लहान करावं की मागचं मोठं, आणि कडक स्प्रिंगांचा उपयोग होतो का? दात तुम्ही मोजलेत ते बरं केलंत: पुढे १३, मागे ४०.

लेव्हर ढिली पडली आणि गार झाल्यावर परत जागेवर आली, एवढं एक वाक्य तुम्ही लिहिलं नसतं तर मीही प्लेटाच बदला म्हणालो असतो. क्लचमध्ये स्टीलच्या आणि फ्रिक्शनच्या म्हणजे घर्षणाच्या प्लेटा एकाआड एक रचलेल्या असतात आणि स्प्रिंगा त्यांना दाबून धरतात. क्लच तापला की प्लेटा फुगतात, त्यांची चवड जाड होते आणि लेव्हरचा ढिलेपणा वाढतो. मग लेव्हर हँडलला टेकेपर्यंत ओढली तरी प्लेटा पुरत्या सुटत नाहीत, गाडी पुढे सरकत राहते आणि न्यूट्रल सापडत नाही. प्लेटा झिजल्या की याच्या उलट होतं. चवड पातळ होते, लेव्हरचा ढिलेपणा दर महिन्याला कमी होत जातो, क्लच अगदी शेवटच्या टप्प्यावर पकडायला लागतो, आणि एक दिवस ढिलेपणा शून्य होऊन गाडी स्लिप मारते. तुमच्या गाडीला पहिला प्रकार झालाय. ती तापली होती; झिजली आहे की नाही हे अजून कळायचंय.

इथे बरेच जण एक घोळ करतात. चढावर लेव्हर ढिली पडली की तिथल्या तिथे अ‍ॅडजस्टर फिरवून वायर ताणतात. तेवढ्यापुरतं बरं वाटतं. पण क्लच गार झाला की चवड परत पातळ होते, ढिलेपणा उरतच नाही, आणि परतीच्या सगळ्या रस्त्यावर वायर प्लेटांना किंचित उघडं धरून ठेवते. डोंगरात ज्या प्लेटा वाचल्या त्या हायवेवर जळतात त्या अशा. घरी पोचायलाच अ‍ॅडजस्टर फिरवावा लागला असेल तर किती आटे फिरवले ते लक्षात ठेवा आणि गाडी गार झाल्यावर तेवढेच उलटे फिरवा. लेव्हरच्या टोकाला १० ते १५ मिलिमीटरचा खेळ, म्हणजे ढिलेपणा, हवा; नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. तो नेहमी गार इंजिनावर मोजायचा, आणि हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून परत बघायचा. वळवल्यावर खेळ कमी-जास्त होत असेल तर वायर कुठेतरी आवळली जातेय.

आता वास का आला ते बघू. हाफ क्लचवर, म्हणजे लेव्हर अर्धी धरून, गाडी चालवतो तेव्हा इंजिनाचा शाफ्ट एका वेगाने फिरतो आणि गिअरबॉक्सचा त्याहून कमी वेगाने. या फरकाएवढी ताकद चाकाकडे जात नाही, प्लेटांमध्येच उष्णता होऊन राहते. ढोबळ हिशेब करतो. इंजिन ५००० आरपीएमवर १५ न्यूटन-मीटर टॉर्कने (फिरवण्याच्या जोराने) ओढतंय असं धरा. (या गाडीचा कमाल टॉर्क १७.३५ न्यूटन-मीटर, ६५०० आरपीएमला, म्हणजे हे धरणं अवाजवी नाही.) त्यातला निम्मा वेग घसरण्यात जातोय. तर प्लेटांमध्ये जवळजवळ ४ किलोवॅट उष्णता तयार होते, म्हणजे बाथरूममधल्या २ किलोवॅटच्या गिझरच्या दुप्पट, आणि तीही ओंजळीत मावेल एवढ्या जागेत. दोन-चार सेकंदांसाठी ऑइल ती सहज वाहून नेतं. सलग दोन मिनिटं त्याच्याकडून होणार नाही.

म्हणून मी आधी दातांकडे बघतो. पुढचं १३ काढून १२ टाकलं की गिअरिंग साधारण ८ टक्क्यांनी छोटं होतं, म्हणजे इंजिनाच्या तेवढ्याच फेऱ्यांत चाक कमी फिरतं. ऐकायला हे किरकोळ वाटतं. पण त्याच चढावर, त्याच वेगात दोन गोष्टी एकदम घडतात: चाकाला तीच ओढ द्यायला क्लचवर टॉर्क कमी लागतो, आणि गिअरबॉक्सचा शाफ्ट जास्त वेगाने फिरत असल्यामुळे इंजिनाशी त्याचा फरकही कमी होतो. दोन्ही कपाती एकमेकींना गुणल्या जातात. वरच्याच उदाहरणात आकडे घाला, उष्णता सुमारे १५ टक्क्यांनी उतरते. याहून मोठा फायदा असा की पहिल्या गिअरला क्लच पूर्ण सोडून चालायला जिथे ताशी १२ किलोमीटरचा वेग लागायचा, तिथे ११ पुरतो. दगडांत या एका किलोमीटरने फार फरक पडतो, कारण तेवढ्यासाठीच तर तुम्ही हाफ क्लच धरून बसलेले असता. क्लच जळतो तेव्हा दहापैकी आठ वेळा तो गिअरबॉक्सचं काम करत असतो, असं माझं मत आहे.

मागचं मोठं करायचं तर ४३ दातांचं घ्यावं लागेल. ४३ भागिले १३ म्हणजे ३.३१, ४० भागिले १२ म्हणजे ३.३३. परिणाम जवळपास सारखाच. पण मागचं स्पॉकेट महाग, ते बदलायला चाक काढायला लागतं, आणि तीन दात वाढले की एक्सल दहा-बारा मिलिमीटर पुढे घ्यावा लागतो. चेनच्या अ‍ॅडजस्टरमध्ये तेवढी जागा नसेल तर चेनही लांब लागते. पुढच्याचा एक दात कमी केला की एक्सल फक्त तीन-चार मिलिमीटर मागे जातो. आपल्याकडच्या बहुतेक दीडशे-दोनशे सीसी गाड्यांत पुढचं स्पॉकेट दोन बोल्ट आणि एका पट्टीवर बसतं. मागचा एक्सल ढिला करून चेन सैल करा, कव्हर काढा, आतला चिखल खरवडा, बोल्ट काढा, पट्टी थोडी फिरवा, स्पॉकेट चेनसकट बाहेर. बोल्ट सुटताना शाफ्ट फिरू नये म्हणून मागचा ब्रेक दाबून ठेवायला एक जोडीदार पुरे. हे काम रस्त्याच्या कडेलाही होतं.

छोट्या स्पॉकेटचे तोटेही सांगायला हवेत. चेन जास्त तीव्र वळते, त्यामुळे तिचं आयुष्य कमी होतं, आणि ती स्विंगआर्मच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याच्या) तोंडाशी असलेल्या स्लायडरवर, म्हणजे चेनखालच्या पट्टीवर, जास्त घासते. स्लायडरला खोल चर पडला असेल तर तो आधी बदला, नाहीतर चेन थेट स्विंगआर्म कापायला लागते. आणखी एक बारकावा. १३ ही मूळ संख्या आहे, त्यामुळे प्रत्येक दाताच्या वाट्याला फिरून फिरून वेगवेगळ्या कड्या येतात आणि झीज वाटली जाते. १२ दात आणि चेन १०८ किंवा १२० कड्यांची असेल तर तोच दात आयुष्यभर त्याच कड्यांना भेटतो. एक कडी आखडली की तिचे दात तेवढे खाल्ले जातात. व्यवहारात हा तोटा सोसण्यासारखा आहे. ११ दातांच्या वाटेला मात्र मी कोणाला जाऊ देत नाही.

जुन्या चेनवर नवं स्पॉकेट चढवू नका. मागच्या स्पॉकेटच्या पार मागच्या बाजूला चेन चिमटीत धरून ओढा. अर्धा दात उघडा दिसला तर चेन ताणली गेलीय. चौदा हजारात चिखलातून फिरलेली गाडी असेल तर बहुधा तसंच निघेल, मग पूर्ण चेन-सेटच (चेन आणि दोन्ही स्पॉकेटं) घ्या आणि पुढचं १२ वेगळं सुटं घ्या.

हायवेवर किंमत मोजावी लागेल. ज्या वेगाला इंजिन आज ६००० फिरतं तिथे ते ६५०० फिरेल. थरथर वाढेल, अ‍ॅव्हरेज उतरेल, आणि चंदीगडहून निघून दिवसभर तसं चालवलं की हाताला मुंग्या येतील. म्हणून १३ पिशवीत ठेवा. मनालीपर्यंत १३ वर जा, तिथे मुक्कामाच्या संध्याकाळी १२ टाका, उतरल्यावर परत बदला. अर्ध्या तासाचं काम आहे. मागे ४२-४३ आणि पुढे १२ असं दोन्ही करणारे लोक आहेत. निव्वळ डोंगरात, गाडी टेम्पोतून नेऊन चालवणार असाल तर ठीक. सामान लादून लांब जाणाऱ्याला ते गिअरिंग रडवेल.

आता प्लेटा. उघडण्याआधी रस्त्यावर एक चाचणी घ्या. सपाट, मोकळा रस्ता बघा, गाडी गरम होऊ द्या, चौथ्या किंवा पाचव्या गिअरला पन्नासच्या आसपास वेग धरा आणि एकदम पूर्ण थ्रॉटल द्या. आरपीएम आणि वेग जोडीने वाढले तर प्लेटा धरतायत. आरपीएम उसळून वर गेले आणि वेग मागे रेंगाळला तर क्लच घसरतोय आणि उघडावाच लागेल. चाचणीत गाडी पास झाली तरी स्पितीसारख्या ठिकाणी जाण्याआधी, एकदा वास आलेला क्लच मी उघडून बघेन. पॅकिंगचा आणि ऑइलचा खर्च फार नसतो, आणि मनाली सोडल्यावर स्पितीतल्या काझा गावापर्यंत क्लच उघडून देणारं गॅरेज मिळेल या भरवशावर जाऊ नये.

उघडताना गॅरेजवाल्याच्या शेजारी उभे राहा. आधी इंजिनाची उजवी बाजू ब्रशने घासून, पाण्याने धुऊन कोरडी करायला लावा. कव्हर निघालं की वरची वाळू सरळ आत पडते. कव्हर सुटताना डॉवेल पिना (कव्हर नेमक्या जागी बसवणाऱ्या छोट्या पिना) कुठे आहेत ते बघून ठेवा, त्या हमखास ट्रेमधल्या ऑइलात जाऊन बसतात. प्लेटा निघतील त्याच क्रमाने फडक्यावर मांडा.

स्टील प्लेट उन्हात तिरकी धरा. चांगली प्लेट राखाडी, एकसारखी दिसते. तापलेल्या प्लेटवर निळसर-जांभळे डाग असतात, बहुतेक वेळा आतल्या कडेच्या जवळ, अर्धचंद्रासारखे, आणि बोट फिरवलं की तिथे गुळगुळीतपणा वेगळा लागतो. नुसता रंग बदललाय म्हणून प्लेट फेकू नका. ती जाड काचेवर सपाट ठेवा आणि कडेखालून फीलर गेजची (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांची) पात घालून बघा. बहुतेक मॅन्युअलमध्ये वाकण्याची मर्यादा ०.२ मिलिमीटर किंवा त्याहून कमी दिलेली असते. त्यापलीकडे गेलेली प्लेट लेव्हर ओढल्यावरही शेजारणीला टेकून राहते, आणि मग न्यूट्रलचं रडगाणं कायमचं. फ्रिक्शन प्लेटचे चौकोनी तुकडे मळकट, खरखरीत हवेत. काळ्या काचेसारखे चकाकत असतील तर ते भाजलेत. सँडपेपर मारून चकाकी घालवणारे कारागीर भेटतील. गाडी गावात फिरणार असेल तर चालून जातं, डोंगरासाठी तो जुगाड नको. जाडी वर्निअरने तीन-चार ठिकाणी मोजा आणि मॅन्युअलमधल्या मर्यादेशी ताडून बघा. नखाने कड खरवडल्यावर भुगा निघत असेल तर मोजायचीही गरज नाही.

यानंतरची जागा बहुतेक गॅरेजांत कोणी बघतच नाही. प्लेटा ज्या क्लच हाउसिंगमध्ये बसतात त्याच्या उभ्या बोटांवरून वरून खाली नख ओढा. फ्रिक्शन प्लेटचे कान थ्रॉटलच्या प्रत्येक उघड-मिटीला या अ‍ॅल्युमिनियमच्या बोटांवर आपटतात, आणि ऑफरोडला हा मार शहरापेक्षा कितीतरी जास्त. नखाला पायऱ्या-पायऱ्या लागल्या तर समजा की प्लेटेचा कान त्या खाचेत अडकतो. क्लच सोडताना गाडी गुळगुळीत न निघता झटका देते, ओढताना सुटत नाही, आणि कितीही नव्या प्लेटा टाका, दोष तसाच राहतो. खाच हलकी असेल तर हाउसिंग बाहेर काढून सपाट कानशीने सगळी बोटं सारखीच घासायची. एकच बोट जास्त घासलं तर भार बाकीच्यांवर पडतो. खोल खाच कानशीने भरून येत नाही. तिथे हाउसिंग बदलावं लागतं आणि ते महाग असतं, म्हणून कव्हर लावायच्या आत ते बघून घ्या.

नव्या प्लेटा टाकायच्या ठरल्या तर फ्रिक्शन प्लेटा आदल्या रात्री ऑइलात भिजत घाला, तेच ऑइल जे इंजिनात जाणार आहे. कोरड्या बसवल्या तर पहिल्याच चढावर त्यांचा पृष्ठभाग भाजतो. स्टील प्लेट साच्यातून कापलेली असते, एक कड धारदार आणि दुसरी गोलसर; सगळ्यांचं तोंड एकाच दिशेला ठेवा. स्प्रिंगांचे बोल्ट बहुतेक एम६ असतात, अ‍ॅल्युमिनियममध्ये जाणारे, त्यांना साधारण १० न्यूटन-मीटर पुरतं. टी-स्पॅनरवर जोर काढायची जागा ही नाही. समोरासमोरचे आळीपाळीने, थोडे थोडे आवळा. प्लेटा मूळ कंपनीच्याच घ्या. बाजारात निम्म्या किमतीला सेट मिळतात. त्यांची जाडी मोजून बघितली तर एकाच सेटमध्ये फरक सापडतो. एवढं करून पहिले शे-दोनशे किलोमीटर गाडी साध्या रस्त्यावर चालवा.

कडक स्प्रिंगांचं गॅरेजवाल्याचं म्हणणं मला पटत नाही. स्प्रिंग कमजोर असते तेव्हा लेव्हर पूर्ण सोडलेली असतानाही क्लच घसरतो. तुमचा घसरला तो हाताने, लेव्हर अर्धी धरून. त्यावेळी स्प्रिंग कितीही कडक असली तरी तुम्ही ती दाबून धरलेलीच असते. कडक स्प्रिंगने फक्त लेव्हर जड होईल, दुपारपर्यंत पंजा दुखायला लागेल, आणि दुखऱ्या हाताने क्लच नीट सुटत नाही म्हणून तो आणखी घसरेल. वर वायर आणि लेव्हरमध्ये अडकणारी बोंडी (वायरीच्या टोकाचा गोळा) यांच्यावर ताण वाढतो तो निराळाच. स्प्रिंगांची लांबी मोजा. एखादी मर्यादेखाली गेली असेल तर सगळ्या बदला, पण मूळच्याच.

ऑइलबद्दल. इंजिन, गिअर आणि क्लच तिन्हींचं ऑइल एकच आहे, म्हणून डब्यावर जासो एमए२ लिहिलेलं असलंच पाहिजे. ओल्या क्लचला ऑइलाने वंगण तर द्यायचं, पण घसरू द्यायचं नाही, या अडचणीवर जपानी उत्पादकांनी १९९८ साली जासोचा दर्जा ठरवला; एमए२ हा त्यातला नंतर आलेला, जास्त घर्षणाचा वर्ग. एमबी हा वर्ग कमी घर्षणाचा, स्कूटरसाठी ठीक. गाडीच्या दुकानात ‘हे चांगलं आहे, कारमध्ये टाकतात’ म्हणून जे मिळतं त्यात पेट्रोल वाचवायला घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात, आणि क्लचला घर्षणच तर हवंय. वास आल्यानंतर तुम्ही ऑइल बदललेलं नाही असं दिसतं. आजच बदला. जळालेल्या प्लेटांचा भुगा त्यात तरंगतोय, तो जाळीत आणि बारीक वाटांमध्ये जाऊन बसतो. जाळी काढून धुवा. डोंगरात वापरलेल्या गाडीचं ऑइल मॅन्युअलमधल्या अंतराच्या निम्म्यावर बदलायचं, हा माझा नेम आहे. ओढा ओलांडताना गाडी आडवी झाली असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी स्टार्ट करायच्या आत ऑइल बघा. दुधाळ दिसलं तर त्यात पाणी आहे, गाडी चालवू नका.

वायर ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट. ती तुटते ती बहुतेक लेव्हरपाशी, बोंडी जिथे फिरते तिथे. बोंडीला ग्रीस नसलं की ती फिरायची थांबते, वायर त्याच जागी वाकत राहते आणि एकेक तार सुटते. लेव्हर काढून महिन्यातून एकदा बघायला पाच मिनिटं लागत नाहीत. स्पितीला जाताना नवी वायर जुन्या वायरीच्या शेजारून, त्याच वाटेने ओवून, दोन्ही टोकं टेपने बंद करून ठेवा. तुटली तर टाकी न काढता फक्त टोकं बदलायची. लेव्हरचा क्लॅम्प हँडलवर गच्च आवळू नका. गाडी पडल्यावर तो फिरला पाहिजे, म्हणजे लेव्हर तुटत नाही. हँडलवर आधी टेफ्लॉन टेपचे दोन वेढे द्या आणि त्यावर क्लॅम्प एवढाच आवळा की हाताने जोर लावल्यावर फिरेल. लेव्हरचं टोक उभं राहून चालवताना मनगट सरळ राहील एवढं खाली घ्या.

आता हाताविषयी. क्लचवर एक, फार तर दोन बोटं. बाकीच्यांनी हँडल धरायचं. सगळी बोटं लेव्हरवर असली की प्रत्येक खड्ड्याला क्लच अर्धवट ओढला जातो आणि ते कळतही नाही. चढाच्या पायथ्याशीच गिअर ठरवा, शंका असेल तर पहिला. दुसऱ्यात सुरुवात करून मध्येच धाप लागली की हाफ क्लच धरूनच वर जावं लागतं, आणि तिथेच वास येतो. क्लच वापरायचा तो झटक्याने: दगड आला, दोन सेकंद घसरवला, ओलांडला, सोडला. ‘थ्रॉटल स्थिर ठेवून क्लचने वेग सांभाळा’ हा सल्ला बरोबर आहे, पण तो मोठ्या दगडाच्या तोंडापुरता. सबंध चढ तसा चढायचा नसतो.

चढावर उभं राहायचं तर ब्रेकवर उभं राहा, क्लचवर नाही. गाडी बंद पडली, मागे सरकायला लागली, तर पुढचा ब्रेक दाबा, पहिल्या गिअरमध्येच क्लच सोडून द्या, चाक अडकून गाडी थांबते, मग श्वास घ्या. उजवा पाय मागच्या ब्रेकवर येईल अशी गाडी डावीकडे कलवून घेतली की पुन्हा निघणं सोपं जातं. चाक नुसतं फिरतंय आणि गाडी जागची हलत नाही, अशा वेळी क्लच झटकत बसू नका. उतरा, शेजारून चाला, पहिल्या गिअरला गाडी स्वतःचं वजन ओढत वर येते. मागे बसलेल्याला तर चढाच्या आधीच उतरवा. टायरमधली हवा १८-२० पीएसआयवर आणली तर पकड वाढते आणि क्लचचं निम्मं दुखणं तिथेच संपतं. डांबरी रस्त्याला लागण्याआधी परत भरायची, म्हणून पंप जवळ हवा.

तरीही वास आलाच तर थांबून गाडी लगेच बंद करू नका. सपाट तुकडा जवळ असेल तर लेव्हर पूर्ण सोडून पाच-सात मिनिटं सावकाश चालवा. प्लेटा घसरत नाहीत, ऑइल फिरतं आणि इंजिनाला वारा लागतो. तसा तुकडा नसेल तर न्यूट्रल मारा, लेव्हर सोडा, मिनिटभर इंजिन चालू ठेवा, मग बंद करा. न्यूट्रल लागत नसेल तर बंद करूनच न्यूट्रल करा, तेव्हा ते सहज लागतं.

चेनचा ताण ऑफरोड गाडीला रस्त्यावरच्या गाडीपेक्षा जरा सैलच लागतो, कारण मागचं सस्पेन्शन लांब चालतं. पुढचं स्पॉकेट, स्विंगआर्मचा पिव्हट आणि मागचा एक्सल एका रेषेत येतात तेव्हा चेन सगळ्यात जास्त ताणली जाते. दोन मित्रांना गाडीवर बसवून ती जागा गाठा आणि तिथे चेनला थोडी तरी हालचाल उरते का ते बघा. उरत नसेल तर प्रत्येक उडीला गिअरबॉक्सच्या शाफ्टचं बेअरिंग मार खातंय. सामान लादल्यावर हे पुन्हा एकदा तपासायचं.

स्पितीत एक वेगळी अडचण येते. वाटेतली ‘कुंझुम ला’ ही खिंड साडेचार हजार मीटरच्या वर आहे आणि तिथे हवेची घनता समुद्रसपाटीच्या ६०-६५ टक्केच उरते. फ्युएल इंजेक्शन मिश्रण बरोबर करतं, पण नसलेली हवा आणू शकत नाही. भोरला १७ न्यूटन-मीटर देणारं इंजिन तिथे ११ च्या आसपास देईल. एका दाताने मिळणारे आठ टक्के या खड्ड्याला पुरत नाहीत, त्यामुळे उरलेली भर वजनातून काढावी लागते. दोन मोठ्या बॅगा, कॅम्पचं सामान, वर भरलेला जेरीकॅन, हे सगळं क्लच ओढतो. खिंडीच्या मनालीकडच्या बाजूला बातल ते ग्राम्फू या पट्ट्यात दगड आणि नाले दोन्ही आहेत. नाल्यांना पाणी दुपारनंतर वाढतं, कारण वरचं बर्फ दिवसभर वितळत असतं. सकाळी लवकर निघालात तर तोच नाला घोट्याएवढा मिळतो. पाण्यात पहिला गिअर, एकसारखा थ्रॉटल, क्लच पूर्ण सोडलेला. मधोमध घाबरून क्लच ओढला की गाडी थांबते आणि गोल दगडांवरून पुन्हा काढताना पाच मिनिटांत प्लेटा तापतात.

सोबत न्यायचं ते असं: शेजारून ओवलेली वायर धरून आणखी एक सुटी, क्लच लेव्हर, फ्रिक्शन प्लेटांचा एक सेट ऑइल चोळून प्लास्टिकमध्ये बंद, क्लच कव्हरचं पॅकिंग, चेनची जोडकडी, १३ दातांचं स्पॉकेट त्याच्या बोल्टसकट, आणि एक लिटर तेच ऑइल. प्लेटा वाटेत बदलायची वेळ आली तर ऑइल सांडायची गरज नाही. क्लच उजवीकडे आहे, म्हणून जाड चादर पसरून गाडी डाव्या अंगावर अलगद आडवी करा, ऑइल त्या बाजूला जातं आणि कव्हर कोरडंच निघतं. टाकी अर्ध्याहून कमी असेल तेव्हाच हे करा, आणि झाकणातून पेट्रोल पाझरतंय का यावर एकाने लक्ष ठेवायचं. त्या दिवशी विडी-सिगरेट ओढणारा जोडीदार लांब बसवा.